शिशाच्या पोटातलं पाणी

मी शिशाचा एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. माझे तुकडे झाले, ते वितळले, त्यांचा पुन्हा ठोकळा झाला. पण शिसं कितीही कापलं तरी शिसंच राहतं, म्हणून मला माझी सगळी गोष्ट आठवते.

समुद्राकाठच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. शिडाच्या एका मोठ्या होडीच्या तळाखाली मला जाडजूड बोल्टांनी बसवलं. या वजनाला कील म्हणतात. वारा शिडात भरला की होडी एका अंगाला कलते. तेव्हा तिला खालून सावरायचं काम माझं. लोक पांढऱ्या शिडाचे फोटो काढत. पाण्याखालचा मी कुणाला दिसत नसे, पण होडी सुखरूप परतली की मला बरं वाटे.

वर्षं गेली. माझ्यातला एक बोल्ट गंजून तुटला. दुरुस्तीवाल्याने शेजारी नवा बसवला, जुन्या भोकाच्या तोंडावर शिशाचं बूच ठोकलं आणि वरून रंग फासला. आतून भोक पोकळच राहिलं. बुचाच्या कडेने समुद्राचं पाणी थेंबाथेंबाने आत झिरपलं आणि तिथेच कोंडलं. पुढे मालक थकला. न्यू जर्सीच्या एका बोटयार्डात होडी पडून राहिली आणि एका वादळात मोडली. लाकूड लोकांनी नेलं. मी मात्र कुंपणापाशी गवतात उरलो.

तिथे मला नीलांबरीकाकूंनी पाहिलं. न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर गावच्या या काकू औषधांच्या संशोधनातून निवृत्त झाल्या होत्या आणि घरामागच्या अंगणात स्वतःच्या हातांनी होडी बांधत होत्या. त्यांचे पती मनोहरकाका आधी हसले, मग स्वतःच कीलचा लाकडी साचा तासायला बसले. शेजारचा शंतनू नागपूरहून शिकायला आला होता आणि आता इथेच नोकरी करत होता. सुट्टीच्या दिवशी तोही मदतीला येई. तिघांनी मिळून मला ट्रकमध्ये चढवलं.

मग वितळवण्यासाठी मला कापलं. साखळीची करवत अंगातून फिरली आणि माझा चकचकीत कीस ताडपत्रीवर उडाला. मी विषारी आहे, मित्रांनो. माझी धूळ श्वासावाटे किंवा न धुतलेल्या हातांवाटे पोटात गेली तर माणूस आजारी पडतो, लहान मुलं तर फारच. म्हणून तिघांनी मास्क लावले, कीस वेचून डब्यात भरला, कामाचे कपडे घरात नेले नाहीत. काकूंनी एक नियमही घालून दिला. तुकडे थंड कढईत आधी रचायचे, आच नंतर. तापलेल्या शिशात मागाहून काहीही टाकायचं नाही. त्यात पाण्याचा अंश गेला तर क्षणात वाफ होऊन शिसं चहूकडे उडतं.

ओतकाम शनिवारी ठरलं, कारण रविवारी शंतनू नव्या नोकरीसाठी टेक्ससला, अर्विंगला निघणार होता. ज्यात ते जुनं बूच होतं, तो माझा तुकडा सगळ्यात मोठा होता. बाकीच्यांबरोबर तो कढईत मावला नाही, म्हणून बाजूला राहिला.

पत्र्याच्या छपराखाली गॅसची शेगडी पेटली. मी हळूहळू मऊ झालो, मग आरशासारखा चमकू लागलो. तेवढ्यात पश्चिमेकडून ढग चढले. वारा ताडपत्री ओढू लागला. मनोहरकाकांनी घाईने कढईच्या तळाची तोटी उघडली आणि मी साच्यात धावलो. पण वर तरंगणारी मळी, म्हणजे शिशातला कचरा, अंदाजापेक्षा जास्त निघाली होती. साचा वीतभर रिकामा असतानाच कढईतलं शिसं संपत आलं. आत्ता भर पडली नाही, तर सगळी मेहनत वाया जाणार होती.

शंतनूने तो उरलेला तुकडा उचलला आणि कढईकडे वळला.

ते पाणी माझ्या पोटात होतं, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

"शंतनू, थांब. तो खाली ठेव," काकू म्हणाल्या.

"काकू, पाऊस येतोय. एवढा टाकला की काम फिनिश होईल. सॉलिड लेड आहे, आत काय असणार?"

"मला माहीत नाही. म्हणूनच ठेव."

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनाही वाटत होतं की टाकावा. साचा तासायला त्यांचा अख्खा उन्हाळा गेला होता. तुकडा कढईच्या काठावर आला. काकूंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. पत्र्यावर पहिले थेंब वाजले. शेवटी त्याने तुकडा जमिनीवर ठेवला, हातमोजे काढले आणि घरी गेला. साच्यात मी अर्धवट गोठलो.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाण्याआधी तो निरोप घ्यायला आला. चेहऱ्यावर राग तसाच होता. काका तेव्हा त्या तुकड्याचा रंग खरवडत होते. त्यांना बुचाची गोल कड दिसली. त्यांनी तिथे ड्रिल लावलं. बूच सुटलं आणि करड्या पाण्याची धार शंतनूच्या बुटांवर आली. ती थांबेचना.

तो पायरीवर बसला. "मी टाकलाच असता, काकू."

"पण टाकला नाहीस," काकू म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. शेवटी विमानाच्या वेळेची आठवण काकांनीच करून दिली.

ती अर्धवट कील पुन्हा कापावी लागली. साचा नवा केला. पानगळीच्या दिवसांत दोघांनी दोन नवे मदतनीस गाठून मला नीट ओतलं. आता मी काकूंच्या होडीखाली आहे, आणि ती सरळ चालते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंच्या आत काय साचलं आहे, ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हालाच सवडीने पाहावं लागतं. आणि पाहायला सवड नसेल, कोणी "थांब" म्हणालं, तर हातातलं आधी खाली ठेवा. रागवायला नंतर खूप वेळ मिळतो.