वाघोबाच्या खिंडीतली जॅग्वार

माझ्या पुष्पाआत्याची गाडी विकायला काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. साल सदुसष्ट. मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात होते आणि सुट्टी मिळाली की पालघरला आत्याकडे पळत होते. आत्यासाठी पळत होते असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर अर्धा ओढा त्या गाडीचा होता.

गाडी म्हणजे जॅग्वार. दोन दारांची, पक्क्या टपाची, लांब नाकाची, रंग बाटलीचा हिरवा. पुढे दोन माणसं ऐसपैस बसणार, मागे नावापुरती सीट. तिथे बसलात तर गुडघे हनुवटीला. लांबचा पल्ला झोकात गाठावा म्हणून साहेबाने बनवलेली गाडी. केळव्याचे एक पारशी बागायतदार कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी ती अप्पांना देऊन टाकली. अप्पा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि सातपाटी-मुरब्याच्या होड्यांवर बर्फ त्यांचाच चढायचा. बर्फवाल्याला असली गाडी कशाला, असं अख्खं पालघर म्हणायचं आणि गाडी आली की अख्खं पालघर वळून बघायचं.

अप्पांनी आत्याला गाडी शिकवली. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली की संसार मोडतो म्हणतात. यांचा उलट रंगला. दर रविवारी दोघं मनोरच्या वाटेने वाघोबाच्या खिंडीत जायची. चढताना आत्या चालवणार, उतरताना अप्पा. पदर कमरेला खोचून, चपला काढून आत्या बसायची आणि अप्पा शेजारी पानाचा डबा मांडीवर घेऊन. त्यांचा एकच नियम होता: चढावर डोक्यावर ओझं घेतलेली बाई दिसली की गाडी थांबलीच पाहिजे. "एवढं मोठं इंजिन काय नुसतं आवाज करायला ठेवलंय?" असं म्हणायचे.

त्या नियमाची कायमची मानकरी म्हणजे हिराबाय. मुरब्याची कोळीण. तिच्या नवऱ्याच्या होडीला बर्फ अप्पांचा. सुक्या मासळीची पाटी घेऊन ती खिंडीपलीकडच्या पाड्यांवर विकायला जायची. झाडीतली पायवाट जिथे सडकेला मिळते, त्या तिसऱ्या वळणावर एक मोठा दगड होता. हिराबाय त्याच्यावर टेकून वाट बघायची. गाडी थांबायची, पाटी मागच्या सीटवर आणि हिराबाय पाटीशेजारी, गुडघे हनुवटीला. खिंडीच्या माथ्यावर देवळापाशी उतरायची. वाघोबाला सगळ्यांचा एकदम नमस्कार व्हायचा.

मग अप्पा गेले. झोपेतच गेले. आत्या रडली की नाही मला माहीत नाही. ती बोलायची बंद झाली एवढं खरं. गाडीवर चादर पडली.

माझे बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. ठाण्याला सरकारी कचेरीत होते. शब्दाचे पक्के आणि मासळीचे वैरी. पालघर स्टेशनात उतरल्यावर नाकाला लावलेला रुमाल ते आत्याच्या ओटीवर पोचल्यावरच काढायचे. कारखाना त्यांनीच विकून दिला आणि म्हणाले, "आता गाडी विकू आणि तू ठाण्याला चल. एकटी बाई इथे काय करणार?"

आत्याला ठाण्याला यायचं नव्हतं. आमच्या दोन खोल्यांत तिच्यासाठी एक पलंग आणि देवांसाठी एक फळी, एवढीच जागा होती. मला ती घरी हवी होती, खोटं कशाला बोलू? पण पलंगावर बसून भिंतीकडे बघणारी आत्या मला नको होती.

त्याच सुमाराला मुंबईच्या कुठल्याशा मोटार क्लबाने वाघोबाच्या खिंडीत चढाईची शर्यत ठेवली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथले गोरे इंजिनिअर उतरणार होते, मुंबईचे हौशी शेठ उतरणार होते. पायथ्यापासून देवळापर्यंत एकेका गाडीने एकट्याने चढायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. चहा पिता पिता बाबांनीच ही बातमी सांगितली आणि तिथेच फसले.

"दादा, मी शर्यतीत उतरते," आत्या म्हणाली. कित्येक दिवसांनी तिने सरळ वाक्य बोललेलं आम्ही ऐकलं. "पहिल्या तिघांत आले, तर गाडीचं आणि ठाण्याचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही आलीस तर?"

"तर गाडी वीक. ज्या दिवशी गाडी जाईल, त्या दिवशी मी तुझ्याबरोबर ठाण्याला येईन."

"शब्द?"

"शब्द."

बाबा मिशीत हसले. पंचेचाळिशीची विधवा बाई, समोर गोरे साहेब. त्यांना वाटलं, आयतंच काम झालं.

चादर निघाली. रोज पहाटे आम्ही बोईसरच्या वाटेला लागायचो. बेटेगावपर्यंत रस्ता बांधकामाच्या ट्रकांनी उखडलेला. आत्या त्या खड्ड्यांतून गाडी अशी काढायची की मला माझ्याच आत्याची भीती वाटायची. ट्रकवरचे क्लीनर ओरडायचे, "अरे बाजू हो, मेमसाब आ रही है!" आणि मेमसाब अनवाणी, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. गिअर खाली टाकताना मध्येच क्लच सोडून एक्सिलेटर मारायचा आणि पुन्हा क्लच दाबायचा, हे अप्पांनी शिकवलेलं ती घोकायची. हसायची मात्र नाही. मला वाटे, जिंकली तर हसेल.

शर्यतीचा दिवस रविवारच होता. खिंडीच्या दोन्ही तोंडांना पोलीस होते, रस्ता बंद. शेजारी एक माणूस बसवायला परवानगी होती, म्हणून मी बसले. बाबा वर देवळापाशी जाऊन उभे राहिले, निकाल डोळ्यांनी बघायला. पायथ्याशी निशाणवाल्याने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चालक कुठे आहेत?"

आत्याने उत्तर दिलं नाही, इंजिनाला द्यायला लावलं.

निशाण पडलं आणि माझी पाठ सीटला चिकटली. पहिल्या सरळ पट्ट्यात ते लांब नाक वर उठलं, पुढचा रस्ता दिसेनासा झाला, नुसतं आभाळ आणि सागाचे शेंडे. पहिलं वळण डावीकडे. आत्याने ब्रेकवर पाय ठेवला, गिअर खाली, तो मधला एक्सिलेटरचा हुंकार आणि गाडी वळणात शिरली ती आतल्या कडेला घासून. मागची चाकं जराशी सरकली. तिने चाक उलट देऊन ती जागेवर आणली आणि पुन्हा पाय खाली. दुसरं वळण उजवीकडे, दरीच्या अंगाने. कठड्याच्या दगडांना लावलेला चुना माझ्या खिडकीजवळून पांढऱ्या रेघेसारखा गेला. मी देवाचं नाव घेत होते की ओरडत होते, आठवत नाही. आत्याच्या हातांत घाई नव्हती. दर रविवारचा रस्ता तो. कुठे खडी सुटली आहे, कुठे सावलीत ओल टिकते, सगळं तिच्या तळपायांना माहीत होतं. दुसऱ्या वळणावरचा पंच घड्याळाकडे बघून दोन्ही हात हलवत नाचत होता. आम्ही जिंकत होतो!

तिसरं वळण आलं. दगडाशेजारी, डोक्यावर पाटी घेऊन, हिराबाय उभी होती.

पोलीस सडकेवर होते, पायवाटेवर कोण असणार? तिला शर्यतीचा पत्ता नव्हता. इंजिनाचा आवाज तिने लांबूनच ओळखला होता. तिचा चेहरा फुलला होता आणि हात वर झाला होता. अप्पा गेल्यावर गाडी पहिल्यांदाच वर येत होती.

"आत्या, थांबू नकोस!" मी किंचाळले. "आत्या!"

गाडी थांबली. तिने विचार केला असेल असं मला वाटत नाही. पाय आपणहून ब्रेकवर गेला.

"आलीस गो बाय!" हिराबाय दारातून वाकून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी बोलली, आता गाडी काय येत नाय. मालक गेलं, गाडी पन गेली."

"बस लवकर," आत्या म्हणाली.

मी खाली उतरले, सीट पुढे ओढली, पाटी आत, हिराबाय आत. दार मी रागाने आपटलं. चढावर उभी असलेली गाडी हँडब्रेक सोडून आत्याने अशी उचलली की मागची चाकं खडी उडवत फिरली, आणि पाटी उपडी झाली. सुका जवळा! सीटवर, सीटखाली, माझ्या केसांत, आत्याच्या मानेवर.

"आग्गो बाय, माजा जवला!" हिराबाय ओरडली. "हलू चालव गो, काय वाघ लागलाय पाठी?"

आणि आत्या हसायला लागली. पोट धरून हसावं तसं. फक्त पोट धरायला हात मोकळे नव्हते. हसत हसत तिने चौथं वळण घेतलं, पाचवं घेतलं आणि वर देवळापाशी रेघ ओलांडली तेव्हाही ती हसतच होती. माथ्यावरची माणसं बघत राहिली. एका गाडीतून तीन बायका उतरल्या, तिघींच्या अंगावर जवळा. तारापूरचा एक गोरा टाळ्या वाजवायला लागला. वेळेचं म्हणाल तर आमच्या मागे कोणी नव्हतं.

बाबा पुढे आले, नाकाला रुमाल.

"का थांबलीस?"

"हिरा उभी होती ना."

"शर्यत होती, पुष्पे."

"चढही होता, दादा." तिने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं ते. "हरले मी. तू गिऱ्हाईक बघ."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग हिराबायकडे बघितलं आणि देवळाच्या पायऱ्या चढून गेले. मी मात्र बोलले. हिराबायला बाजूला घेऊन ती दोन मिनिटं केवढ्याला पडली ते सगळं सुनावलं. ती खाली बघून पदरातला जवळा वेचत राहिली.

बाबा शब्दाचे पक्के. पंधरवड्याच्या आत मुंबईचं एक गिऱ्हाईक घेऊन आले. नेमक्या त्याच दिवशी सकाळी हिराबाय ओल्या बोंबलांची पाटी घेऊन आत्याच्या दारात हजर झाली. "बाय, इस्टेशनापत्तर सोड गो, पाय लय दुखतो." आत्याने सोडलं. पाटीतलं पाणी सीटच्या चामड्यात मुरलं, वर ऊन. गिऱ्हाइकाने दार उघडलं आणि तसंच लावलं. दुसऱ्या खेपेला बोईसरचा ठेकेदार आला, त्याच सकाळी पुन्हा हिराबायचा पाय दुखला. ठेकेदार म्हणाला, "बाईजी, ये गाडी है की मच्छीबाजार?" बाबा रुमालाआडून आत्यावर कडाडले, "हजारदा सांगितलं तुला, गाडीत मासळी नको!" तिसरा सफाळ्याचा भातगिरणीवाला तर फाटकातूनच परत फिरला.

पुढे बाबांनी गिऱ्हाइकं आणायचं सोडलं. "ह्या गाडीला कोण घेणार?" म्हणायचे. गाडी गेली नाही आणि आत्याही ठाण्याला आली नाही. शब्द दोघांनी पाळला. मरेपर्यंत ती पालघरलाच राहिली, दर रविवारी खिंड चढत राहिली. काचा खाली करून, कारण वास काही गेला नाही. मला विचाराल तर जगातला सगळ्यात चांगला वास आहे तो. आज चुलीवर जवळा भाजला की मी डोळे मिटते आणि सागाचे शेंडे दिसतात.

बाबा गेले, मागून आत्या गेली. आत्याचं दिवसकार्य झाल्यावर मी मुरब्याला हिराबायला भेटायला गेले. ती दारात बसून वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "हिराबाय, गिऱ्हाईक कुठल्या दिवशी येणार, हे आत्याच तुम्हाला कळवायची ना?"

"तिला कुठं ठाव असायचा?" ती म्हणाली. "तुजा बापूस यायचा. आदल्या सांजच्या गाडीने. इस्टेशनावर माझ्या पाटीपाशी उबा रावायचा, बोलायचा, हिराबाई, उद्या गिऱ्हाईक आणतोय. आन उलट गाडीने तसाच परत. बयनीच्या दारात पन नाय जायचा."

बाबा? माझे बाबा?

"पयल्या टायमाला तं," हिराबाय हसायला लागली, "नाकाचा फडका काडला त्यानं. माझ्या पाटीवर वाकला, चांगला वास घेतला. डोल्याला पानी आला त्याच्या. आन बोलतो कसा, हिराबाई, ह्याच्यापेक्षा जोरदार नाही का काही?"