उसना गळा

तमिळ सिनेमा दिग्दर्शित करायला मिळाल्याची बातमी इनियनने सगळ्यांत आधी अंजलैला सांगितली. व्यासरपाडीच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या, गल्ल्यांत दोघांनी कित्येक वर्षं पथनाट्यं केली होती. तो बसवायचा, ती उभी राहिली की नळावरची भांडणंसुद्धा थांबायची.

"अक्का, गुंडांचा सिनेमा आहे, पण वस्ती आपली, बोली आपली. नायकाची बायको तू."

"मी? पडद्यावर? या रंगाची?"

"याच रंगाची. म्हणून तर!"

कथा तिच्याच घरातली होती. तिचा भाऊ कोदंडन बंदरावर हमाली करायचा. दोन टोळ्यांच्या वैरात दुसऱ्याच कुणाऐवजी तो कापला गेला, आणि पेपरात 'गुंड ठार' असं छापून आलं. त्याच्या प्रेताशी अंजलैने ऊर बडवत, शब्दाला शब्द जोडत जो विलाप केला, तो इनियनच्या कानांतून कधी गेला नव्हता. सिनेमाचा शेवट तोच होता. भावाच्या जागी नवरा, एवढंच. निदान आता तरी लोकांना खरं कळेल, म्हणून ती हो म्हणाली.

काही दिवसांनी इनियन आला तो मान खाली घालूनच. निर्मात्याला नावाजलेला चेहरा हवा होता. मुंबईहून रिधिमा नावाची नटी येणार होती.

"मग मी?"

"नायकाची आई."

"अरे, नायक माझ्याहून मोठा आहे!"

"केस पांढरे करू ना. एवढा चालू दे, अक्का. पुढचा आपल्या मनासारखा."

शूटिंगला मेकअपवाला रिधिमाला काळी करायला बसला. रंग जमेना, तेव्हा त्याने अंजलैला हाक मारली. "अक्का, हिच्या हाताशेजारी जरा हात धरा. हा रंग पाहिजे." अंजलैने हात धरला. रिधिमा ओशाळून "सॉरी" म्हणाली. पोरगी वाईट नव्हती, हेच अंजलैला जास्त डाचलं. शिव्या घालायच्या तरी कुणाला?

रिधिमाला तमिळ येत नव्हतं. त्यामुळे तिचा आवाजही अंजलैनेच द्यायचा ठरला. डबिंगच्या वेळी पडद्यावर ओठ रिधिमाचे हलायचे. भांडायची, लाजायची, नवऱ्याला झापायची ती अंजलै. मग शेवटचा प्रसंग आला. त्याच्या शूटिंगला अंजलै नव्हती. मेलेल्या नायकाच्या मुठीत रक्ताळलेला कोयता होता. अंजलैने कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

"हे नाही करणार मी."

"अक्का, याच्यासाठी तर सगळा सिनेमा!"

"माझ्या कोदंडनच्या हातात कोयता दिलास? पेपरवाले त्याला ओळखत नव्हते रे. तू तर त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस."

"हमालावर पैसे कोण लावणार होतं?" इनियन चिडून म्हणाला.

ती घरी निघून आली. आपल्यावाचून तो प्रसंग मुका राहील, असं तिला वाटत होतं.

सिनेमा लागला, तेव्हा अख्खी गल्ली थिएटरात होती. आपली चहाची टपरी दिसली तरी पोरं शिट्ट्या मारत होती. विलाप सुरू झाला. शब्द अंजलैचेच, गळा कुणा भाडोत्री बाईचा, रेडिओवर बोलल्यासारखा गुळगुळीत. आता कुणीतरी म्हणेल, हे आपलं रडणं नाही, म्हणून अंजलै वाट बघत राहिली. सगळीकडे हुंदके. शेजारी तिची आई मुनियम्मा पदराने डोळे पुसत होती.

"अम्मा, आवाज बदललाय. कळलं नाही तुला?"

"कुठे गं? किती छान रडली पोरगी! मुंबईची असून अगदी आपल्यातली वाटली."

वस्तीतली पोरं नायकासारखे केस कापून फिरू लागली, आणि पोलीस त्याच केसांवरून त्यांना उचलू लागले. 'खऱ्या माणसांचा सिनेमा' म्हणून इनियनला बक्षीस मिळालं. अंजलैलाही आता कामं येतात. सगळी आईचीच. कोणत्या गुंडाची, एवढं विचारते आणि जाते.