फोटोतली उघडी पेटी

मी एक जुनी लसीची पेटी आहे. निळी, खांद्याला अडकवायची. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना माझ्यासारख्या जुन्या वस्तूने जरा हळवं व्हायचं असतं, हे मला ठाऊक आहे. आज ते जमणार नाही. मला राग आलेला आहे.

माझ्या भिंती जाड आहेत आणि आत बर्फाच्या चार पाकिटांना जागा आहे. अकरा वर्षं मी भारतीताई नर्सच्या खांद्यावर बसून रानशेतचे पाडे पालथे घातले. झाकण कामाशिवाय उघडायचं नाही, हा ताईंचा नियम. एकदा खुद्द सरपंचांना आत काय आहे ते बघायचं होतं. ताईंनी त्यांना पिशवीतला चिकू दिला, पण झाकण उघडलं नाही. माझ्यातली एकही लस कधी तापली नाही.

रानशेतातच जिवलीची मुलगी जयश्री राहते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिच्या मूत्रपिंडात सारखे खडे होत. लोक पाण्याला नावं ठेवत, पण दोष जन्मापासून तिच्या यकृतात होता. तिथलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जे बनवी, त्याचेच पुढे खडे होत. शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. एका विषाणूतला रोग काढून टाकला आणि आत निरोप भरला, त्या विकराचं जनुक गप्प कर. हा निरोप्या मात्र एकदाच चालतो. पहिल्या भेटीत शरीर त्याचा चेहरा लक्षात ठेवतं आणि दुसऱ्यांदा त्याला दारातच मारतं. जयश्रीला संधी एकच होती.

पेटी आणि नर्स दोघी भरवशाच्या, म्हणून शहरातून तो डोस आणायला आम्हालाच पाठवलं. दुपारी बाराच्या आत द्यायचा, तोवर गार ठेवायचा. साडेनऊला आम्ही डोस द्यायचा होता त्या डहाणूच्या दवाखान्यात पोचलो, तर दारात मांडव.

नव्या यंत्राची करतात तशी माझी पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. इथवर माझी तक्रार नाही, उलट बरंच वाटलं. पण दवाखान्याचे अध्यक्ष सुदर्शनराव म्हणाले, "बंद पेटीचा काय फोटो काढायचा?" झाकण उघडलं. पाहुण्यांचा फोटो झाला, मग कर्मचाऱ्यांचा, मग देणगीदारांचा. पाऊण तास मी उन्हात आ वासून बसले. ताई झाकण लावायला पुढे आल्या, तर त्यांना चहा आणायला पिटाळलं.

आठ अंशांच्या वर जायचं नव्हतं. माझ्यातली तापमापी सव्वीस दाखवत होती. ताईंनी डोस देणाऱ्या डॉक्टर प्रवीणना बाजूला घेऊन आकडा दाखवला. तो डोस फेकला असता, तर तीन महिन्यांनी दुसरा मिळाला असता. डॉक्टरांनी मांडवाकडे पाहिलं.

"भाषणं झालीत, ताई. आता नाही कसं म्हणू?"

आणि तोच डोस दिला. माणसं शिकली की शहाणी होतात, हे मी तोवर खरं मानत होते.

निघताना जिवलीने माझ्यावरचं कुंकू बोटाने उचलून पोरीच्या कपाळाला लावलं. "ताई, आता बरा वाटल ना ईला?" ताईंनी माझं झाकण लावलं.

निरोप पोचलाच नाही. चेहरा मात्र शरीराने ओळखून ठेवला. खडे होतच राहिले आणि पोरीची मूत्रपिंडं निकामी झाली. ताईंनी नोंदवहीत सव्वीस लिहिले आणि महिन्याभरात त्यांची तलासरीला बदली झाली. मी त्याच दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडले आहे. समोरच्या भिंतीवर तो फोटो आहे. मी उघडी, गळ्यात हार, सगळे हसतायत.

आठवड्यातून तीनदा जयश्री त्या फोटोखाली झोपते. परवा तिने आईला विचारलं, पेटी उघडी का ठेवली होती. जिवलीने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तुझ्यासाठीच उघडलेली, बाय."

मित्रांनो, मला पुसू नका, हार घालू नका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ताईंची ती नोंदवही अजून या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. ती काढा आणि जिवलीला वाचून दाखवा.