बंद कड्याची खुर्ची

खुर्चीत माणसाला बसता आलं पाहिजे, असं लू शोउगनचं मत होतं. हे मत किती मागासलेलं आहे, ते त्याला त्याच्याच दोंगयांगच्या कारखान्यात, त्याच्याच बाकावर बसून आणि त्याचाच चहा पिऊन समजावून सांगण्यात आलं.

समजावणारा होता फेलिक्स शन्तू. बापाने ठेवलेलं नाव यीफान. बाप यीवूच्या बाजारात बटणं विकायचा, आणि मुलगा चौदा महिने मिलानला राहून आल्यापासून बिनबटणांचे काळे सदरे घालायचा. बापलेकांचं भांडण एवढंच.

"शीफू, ही आपली जुनी खुर्ची बघा," फेलिक्स म्हणाला. शीफू म्हणजे उस्ताद. कोपऱ्यात लूने नुकतीच पुरी केलेली शिसवी खुर्ची होती. हातांचं गोल कडं पाठीमागून फिरून दोन्ही बाजूंनी पुढे यायचं आणि तिथे थांबायचं, घोड्याच्या नालासारखं. "वर्तुळ अर्धवट का सोडलंय? पूर्वजांची हिंमत संपली?"

"माणूस आत जायचा होता," लू म्हणाला.

"तो झाला उपयोग. मी अर्थाबद्दल बोलतोय."

लूने चहात फुंकर मारली. चहा गार होता.

फेलिक्सने चित्र उलगडलं. कडं पुढून बंद. कड्यापासून बैठकीपर्यंत चहूबाजूंनी उभे गज, गोऱ्यांच्या शेतघरातल्या खुर्च्यांना पाठीमागे असतात तसले. कडं पूर्वेचं, गज पश्चिमेचे. खुर्चीचं नाव 'मिठी', आणि ती जाणार होती शांघायच्या प्रदर्शनात.

तेवढ्यात लूची बायको आलिएन शेवयांचे वाडगे घेऊन आली. तिने चित्रावर नजर टाकली आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर पोरं कोंडायची खुर्ची! आपल्या लेकीला केली होतीस ना रे म्हाताऱ्या, बांबूची? खाली भोक होतं, भांडं ठेवायला."

"खाली रिकामी जागा," फेलिक्सने वहीत टिपून घेतलं. "फार सुंदर."

लूने त्याला तिथेच हाकलला असता. पण एक सल होता. एकेचाळीस वर्षं त्याने खुर्च्या केल्या आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. घराण्याच्या नावाचा आजोबांचा शिक्का पेटीत पडून होता, कारण व्यापारी म्हणायचे, शिक्का नको, ही आपण तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून विकणार आहोत. थोडक्यात, लूने सगळी उमर एका मेलेल्या माणसाच्या बदली नोकरी केली होती.

"पाटीवर माझं नाव येईल?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय शीफू! माझ्या शेजारी. त्याच आकारात."

लूने काम घेतलं.

एकच अडचण निघाली. असलं कडं अखंड लाकडाचं नसतं, तुकडे एकमेकांवर चढवून मध्ये पाचर ठोकतात. पाचर आरपार जाते, म्हणून उलट्या बाजूने मारली की निघते. फेलिक्सला पुढच्या सांध्यातली पाचर कुठूनच दिसायला नको होती.

"मग ती आत जाईल," लू म्हणाला, "पण बाहेर येणार नाही. काढायची तर करवत लागेल. आणि मी लावलेल्या सांध्याला आजवर करवत लागलेली नाही."

"न उलटणारा निर्णय!" फेलिक्स म्हणाला. "शीफू, तुम्ही नकळत तत्त्वज्ञ आहात."

लूला शिवी ओळखता यायची. पण ही दिलीय की नाही, ते त्याला नक्की कळेना.

माप फेलिक्सच्याच पोटाचं घेतलं, कारण मिठी घट्ट हवी. पुढल्या दोन महिन्यांत, अजून न झालेल्या खुर्चीच्या आनंदात फेलिक्स एकोणीस मेजवान्या जेवला.

शांघायचं प्रदर्शन नदीकाठच्या एका जुन्या सूतगिरणीत होतं. लू हत्यारांची पेटी घेऊन पोचला. वाटेत त्याने तीन पायांचं टेबल पाहिलं, एका पायाचं पाहिलं, आणि एक असं पाहिलं ज्याचे पाय भिंतीवर वेगळे टांगले होते. लोक हळू आवाजात बोलत होते, कोणी गेल्यासारखे.

'मिठी' मधोमध होती, पुढचा सांधा उघडा, माणूस आत शिरेल एवढा. बाजूला पाटी होती. लूने चष्मा चढवला.

कल्पना: फेलिक्स शन्तू. हस्तकौशल्य: स्थानिक परंपरा.

त्याने पाटी पुन्हा वाचली. मग पाटीची मागची बाजू पाहिली. कोरी होती.

"माझं नाव कुठाय?"

"शीफू, तुम्ही परंपरा आहात!" फेलिक्सने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव काय, कोणाचंही असतं."

"तुझी तर दोन आहेत."

पण माणसं जमली होती. फेलिक्स खुर्चीत शिरला, पोट आत ओढलं, पाय दोन गजांमधून बाहेर काढले आणि जाहीर केलं की शेवटची पाचर सर्वांसमक्ष ठोकली जाईल.

लूने मोगरी हातात घेतली. "शन्तू, शेवटचं सांगतो. ही आत गेली की येत नाही."

"ऐकलंत?" फेलिक्स लोकांना म्हणाला. "ही आपली जुनी भीती आहे. ठोका, शीफू."

लूने ठोकली. तीन ठोके, न कमी न जास्त. सांधा असा बसला की लाकूड तिथे कधी तुटलेलं होतं हे लाकडालाही आठवलं नसतं. टाळ्या पडल्या. फेलिक्स चाळीस मिनिटं मोकळेपणावर बोलला.

लोक पांगल्यावर त्याने सोडलेलं पोट पुन्हा आत ओढून पाहिलं. ते येईना.

"शीफू," तो हळूच म्हणाला, "आता काढा मला."

"मी कोण?" लू डब्यातली भाकरी चावत म्हणाला. "खुर्ची परंपरेने केलीय. तिला बोलव. ती सोडवेल."

"शीफू, मला लघवीला लागलीय."

"खाली रिकामी जागा आहे. फार सुंदर."

प्रदर्शनाच्या व्यवस्थापिका क्वो बाईंना धावत यावं लागलं. फेलिक्सने आतूनच फर्मान सोडलं आणि बाईंनी पाटीवर पेनाने, ठसठशीत अक्षरात लिहिलं: घडवणारा, लू शोउगन, दोंगयांग.

लूने चष्मा पुसला आणि वाचलं. एकेचाळीस वर्षं. तो काही क्षण भाकरी चावायचं विसरला. मग तो करवत शोधू लागला. सावकाश, कारण करवत पेटीत सगळ्यात खाली होती आणि आजवर वर यायची तिला गरज पडली नव्हती.

तेवढ्यात परीक्षक मंडळ आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या संग्रहालयाच्या बाई पुढे होत्या. त्यांनी घामाघूम फेलिक्सभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळे पुसले आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "माणूस सोबत येतो का?"

"येतो," फेलिक्स म्हणाला.

आणि त्या क्षणापासून त्याला लघवी लागेनाशी झाली.

लोक पुन्हा लोटले. आधी फेलिक्सचा फोटो, मग पाटीचा. लूचा फोन वाजला. आलिएन होती.

"म्हाताऱ्या, पुतण्याने फोटो दाखवला. एका मोठ्या माणसाला पोरांच्या खुर्चीत कोंडलाय आणि खाली तुझं नाव आहे."

"हो."

"उठता येत नाही का त्याला?"

"नाही."

"मग तू कसला रे सुतार? लेकीच्या खुर्चीची दांडी तरी निघायची. आख्खी गल्ली विचारतेय, लू शोउगनला खुर्ची करता येत नाही का म्हणून."

लूने फोन खिशात ठेवला आणि पाटीकडे पाहिलं. पेनाच्या दोन रेघोट्यांची गोष्ट होती, नाव खोडलं की सुटला. पण नाव खोडलं तरी काम त्याच्याच हातचं राहणार. तो करवत घेऊन खुर्चीपाशी गेला.

"शीफू, नाही!" फेलिक्स ओरडला. "चार वाजता निकाल आहे. मी आरामात आहे. मी इथेच राहतो!"

"तू राहशील रे. माझ्या नावाखाली नाही राहायचं."

"हा सांस्कृतिक हल्ला आहे!"

"पोट आत घे."

लूने करवत लावली. डावीकडे कापलं, उजवीकडे कापलं, मधले गज खालून उडवले, आणि कड्याचा हातभर तुकडा, न उघडणाऱ्या सांध्यासकट, त्याच्या हातात आला. मग त्याने कापलेली टोकं रंध्याने गोल केली, कारण सदरा अडकला असता. मधोमध एक साधी, पुढून उघडी खुर्ची उरली. फेलिक्स तिच्यातून उठला. उठता येतं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

संग्रहालयाच्या बाईंनी एका टोकावरून बोट फिरवलं आणि पुन्हा डोळे पुसले. चार वाजता 'मिठी'ला पहिला पुरस्कार मिळाला, 'मोकळं करण्याच्या धाडसाबद्दल'. फेलिक्सने तो स्वीकारला आणि सांगितलं की हा छेद पहिल्यापासून त्याच्या मनात होता. पाच वाजेपर्यंत क्वो बाईंनी नवी पाटी छापून आणली. तिच्यावर होतं:

कल्पना: फेलिक्स शन्तू. छेद: स्थानिक परंपरा.

लूने ती चष्मा न चढवताच वाचली. कापलेला तुकडा बगलेत मारला आणि सहाची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून आजोबांचा शिक्का काढला, तापवला आणि तुकड्याच्या बरोबर मधोमध, सांध्यावर उमटवला. मग तो तुकडा स्वयंपाकघरात चुलीवरच्या तुळईला टांगला. आलिएनने त्याला डुकराची खारवलेली अख्खी तंगडी अडकवली, आठ किलोची, आणि खाली लोंबकळून पाहिलं.

सांधा हलला नाही.

"चांगलंय," ती म्हणाली. "हे कशाला केलंय ते बघितल्याबरोबर कळतं."