परातीतला पुदिना

परात दोन्ही हातांत धरलेली, म्हणून विजयाताईंनी समोरच्या दाराची बेल कोपरानं दाबली. परातीत पुदिन्याची कुंडी होती, आइस्क्रीमच्या डब्यातली कोथिंबीर होती, आणि मान वाकडी करून उभा असलेला गवती चहा.

"आली का शाळंची पोरं?" आतून रतनबाईंचा आवाज आला. मग दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत त्या स्वतः आल्या. "द्या हिकडं. आज ऊन कवळं हाय, बसू द्या निवांत."

केडगावच्या त्या इमारतीत विजयाताईंच्या वाट्याला डक्टकडची बाजू आली होती. खिडकी उघडली की पारवे दिसत, दुसऱ्याच्या फोडणीचा वास येई. ऊन तेवढं येत नसे. समोर रतनबाईंच्या हॉलमध्ये मात्र सकाळी उन्हाचा नुसता सडा. मिरजगावचं शेत थोरल्याकडे सोपवून त्या धाकट्या कानिफनाथाकडे राहायला आल्या होत्या. तो सकाळीच सुप्याला कंपनीत जाई, सून अश्विनी बँकेत. मागे रतनबाई आणि ते ऊन.

पहिल्याच भेटीत त्यांनी विजयाताईंचा पुदिना बोटानं उचलून पाहिला होता.

"वैनी, ह्याला कावीळ झालीया."

आणि घरातून ही पितळी परात आणली होती. गावाकडे तीत भाकरीचं पीठ मळलेलं. इथल्या ओट्यावर ती मावत नव्हती, सून भंगारात घाला म्हणत होती. "तिलाबी काम लागंल," रतनबाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून कुंड्या सकाळी उन्हाला जात आणि ऊन ओसरलं की रतनबाई त्या परत आणून सोडत. परतीच्या परातीत कुंड्यांच्या आडोशाला कधी शेंगदाण्याची चटणी असे, कधी फडक्यात गुंडाळलेली भाकरी. जाताना इकडून मेतकुटाची पुडी जाई. मग गवती चहाची पात खुडून दोघींचा चहा व्हायचा, आणि पेपरच्या मागून विजयाताईंचे यजमान विष्णुपंत विचारायचे, "ही कुंड्यांची ने-आण आहे की रुखवताची?"

"सर, तुमालाबी ठिवू का उनात?" रतनबाई म्हणायच्या. "रंग फिका पडलाय."

एका रविवारी पुण्याहून देवश्री आली. रतनबाई परात घेऊन लंगडत येताना तिनं पाहिलं, आणि त्या गेल्यावर आईला म्हणाली, "अगं, त्यांचे गुडघे बघ ना! तुझ्या पुदिन्यापायी म्हातारीला हमाल केलंस."

विजयाताईंना ते फार लागलं. लागलं म्हणूनच देवश्रीनं कुरिअरनं पाठवलेला झाडांसाठीचा दिवा त्यांनी मुकाट्यानं हॉलमधल्या टेबलाला लावून घेतला. बटण दाबताच सगळा हॉल जांभळा झाला. मग त्यांनी चिंच-मीठ घेऊन ती परात घासली, सोन्यासारखी लखलखेपर्यंत घासली, आणि समोर नेऊन दिली.

"आता तुम्हाला त्रास नको, रतनबाई. उन्हाचं काम दिवाच करतो."

रतनबाईंनी परातीत पाहिलं. तळावरून एकदा हात फिरवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई चकचकीत केली."

आणि दार लागलं.

पुदिना फोफावला. इतका, की विष्णुपंतांना तीन वेळा चटणी खावी लागली. समोरचं दार मात्र लागलेलंच. आतून मालिकेतल्या बायकांचं रडणं ऐकू येई. लिफ्टपाशी गाठ पडली तर "बरं हाय ना?" एवढंच. विजयाताईंच्या हातून चहाला पाणी जास्तच पडत राहिलं आणि ते विष्णुपंत निमूट पीत राहिले.

मग एकदा जिन्यात अश्विनी भेटली. "काकू, आई गावाला जायचं म्हणतात. कायमच्या. म्हणे, इथं माझं कुणाला काय काम? आमचं काही चुकलं का हो?"

"तुमचं कशाला चुकेल," विजयाताई म्हणाल्या, पण त्यांची नजर अश्विनीच्या चेहऱ्यावर ठरेना.

घरी येऊन त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या पंकजाचा डबा द्यायचा राहिला होता. तो त्यांनी पुसला, आणि सवयीनं साखरेच्या बरणीत चमचा घातला. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. चिमूटभर का होईना, साखर तरी घालायची. आईनं शिकवलेलं, सासूनं पारखून घेतलेलं.

चमचा बरणीतच राहिला.

थोड्या वेळानं त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला आणि समोरची बेल दाबली. आज हात मोकळे होते, तरी कोपरानंच दाबली.

दार उघडलं. रतनबाईंच्या मागे भिंतीशी गोणपाटात बांधलेलं काहीतरी गोल टेकून ठेवलेलं होतं.

"परात हवी होती," विजयाताई म्हणाल्या.

"बांधली मी."

"सोडा. दिवा बिघडलाय."

"काल रातच्याला तर दाराखालनं जांभळा उजेड दिसत हुता."

"आज बिघडला."

रतनबाईंनी दार आणखी थोडं उघडलं.

"आणि नसता बिघडला तरी," विजयाताईंचा आवाज जरा खाली आला, "रिकामी दिली होती मी. तशी देतात का कधी? तुमच्या गुडघ्यांचा विचार केला, आणि बाकी सगळं विसरले."

"गुडगं काय, बसून ऱ्हायलं की जास्त ठनकत्यात," रतनबाई म्हणाल्या. मग खाली वाकून त्या गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट होती. विजयाताईही शेजारी बसल्या. चार हात एका सुतळीवर, वेळ लागलाच.

"चला. पोरं न्यायला मीच येते," रतनबाई परात काखेत धरून म्हणाल्या.

दारातून आत पाऊल टाकलं, आणि विजयाताई जागच्या जागी थिजल्या. हॉल जांभळा झाला होता. दिव्याखाली खुर्ची ओढून, कोथिंबिरीला डोकं टेकेल इतक्या जवळ बसून विष्णुपंत पेपर वाचत होते.

"अगं, हा बंद का केलास?" ते वर न बघताच म्हणाले. "बारीक अक्षर काय झकास दिसतं यात!"

विजयाताईंनी डोळे मिटून घेतले.

रतनबाईंनी दिव्याकडे पाहिलं, तरारलेल्या पुदिन्याकडे पाहिलं. परात टेबलावर ठेवली, हात लांब करून बटण दाबलं आणि एकेक कुंडी परातीत मांडायला घेतली.

"सर," त्या म्हणाल्या, "बिघडलेला दिवा चालू ठिवू नये. शॉक बसतोय."