चहात काहीतरी आहे

तापातून उठल्यावर तीन आठवडे शरदिनीबाईंना कसलाच वास येत नव्हता. मग एका सकाळी तो परत आला, आणि धाकट्या जावेने पुढ्यात ठेवलेल्या चहाला टायर जळल्यासारखी घाण येत होती.

"काय घातलंयस यात?"

"आलं, वेलची. नेहमीचंच," मालविका म्हणाली.

शरदिनीबाईंनी कप खाली ठेवला. नवरा गेल्यापासून त्या दूधविनायक गल्लीतल्या घरात दीर श्रीनिवास आणि मालविका यांच्यासोबत राहत होत्या. वरचा मजला त्यांच्या नावावर होता. ही गोष्ट त्यांना त्या क्षणी एकदम आठवली.

दुसऱ्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला. तरी तीच घाण. म्हणजे साखरेतच काहीतरी असणार! तिसऱ्या दिवशी मालविकाची पाठ वळताच त्यांनी कप बदलले. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. 'नाटकी!' शरदिनीबाईंच्या मनात आलं. ती फोनवर हळू बोलली की त्यांच्याविषयीच, हसली की त्यांनाच. त्या केळी आणि दहीभातावर राहू लागल्या. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर शेजारच्या वीणाला सांगून बसल्या, "माझ्या जिवावर उठलीय ती."

दीड महिन्याने वीणाच्या नातवाच्या बारशाला कॉफी आली. तीच जळकी घाण. म्हणजे वीणाही सामील? त्यांनी ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्या निवांत पीत होत्या. एवढ्या जणी एकीच्या जिवावर कशाला उठतील?

घरी येऊन त्यांनी सगळं श्रीनिवासला सांगितलं. तो त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"माताजी, नाक सिर्फ खबर देती है। गंध तो दिमाग बनाता है," त्या म्हणाल्या. "बुखार से खबर बिगड़ गई है। धीरे-धीरे सुधरेगी।"

"और देवरानी का हँसना?"

"मतलब?"

"कुछ नहीं," म्हणत शरदिनीबाई उठल्या.

संध्याकाळी त्या मालविकापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. नाही नाही ते मनात आणलं तुझ्याबद्दल."

मालविका भाजी निवडत राहिली. "ठाऊक आहे, ताई. गणपतीत मी वाटलेले मोदक घरोघरून तसेच परत आले."

त्या तडक वीणाकडे गेल्या. "माझं नाकच बिघडलं होतं गं. डॉक्टरांनी सांगितलं."

वीणाने त्यांचा हात धरला. "भोळी आहेस. डॉक्टरकडे नेलं कुणी? दिरानेच ना?"

"हो," म्हणता म्हणता शरदिनीबाई अडखळल्या. डॉक्टरीण श्रीनिवासच्याच ओळखीची होती. औषधही त्यानेच आणलं होतं. पुढचा विचार आपोआप जुळत आला, आणि या वेळी त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

त्या उठल्या आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. मग त्याच्या पुढच्या. अंधार पडेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरी त्यांनी सांगितलं, की खोट आपल्या नाकात होती, मालविकाच्या चहात नव्हती. कुणी मान डोलावली, कुणी कीव केल्यासारखं पाहिलं.

दिवाळीत मालविकाकडे फराळाला मोदक परत पाठवणाऱ्यांपैकी दोघी आल्या. वीणा आली नाही.