दाबून धरलेलं बटण

जुना मी आहेच, मित्रांनो, आणि जुन्याला कोणी विचारत नाही हेही मला ठाऊक आहे. मी मोटारीतला रेडिओ टेलिफोन. तुमच्या खिशातल्या चपट्या फोनचा आजोबा म्हणा. कुवेतमधल्या खैरानच्या समुद्रकाठी, एका श्रीमंताच्या सुट्टीच्या घरात, काचेच्या कपाटात मी पडून असतो. पाहुणे येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात नि मासे खायला निघून जातात.

कधीकाळी माझा रुबाब होता. माझी अवजड पेटी गाडीच्या डिकीत, एरियल मागे उंच, नि रिसीव्हर चालकाशेजारी. फैसल नावाच्या कुवेती व्यापाऱ्यानं मला हौसेनं बसवून घेतलं. सिग्नलला गाडी थांबली की लोक वाकून वाकून बघत.

माझी एक रीत होती. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. दोन्ही एकदम जमत नसे. शिवाय एकाच वाटेवर, म्हणजे एकाच रेडिओ लहरीवर, अनेक गाड्या. वाट मोकळी झाली की ऑपरेटर नंबर जोडून देई, आणि पलीकडच्याचा आवाज त्या वाटेवरच्या दुसऱ्या गाड्यांतही ऐकू जाई.

गाडी चालवायचा हर्णैचा यूसुफ. रोज मला मऊ फडक्यानं पुसायचा, पण मला वापरायची त्याला मुभा नव्हती. त्याचा करार संपत आला. गावी बायको नाझिया आणि पाळण्यातली लुबना. परत सही करावी की घर गाठावं, त्याला ठरवता येईना. फैसल म्हणाला, "माझ्या फोनवरून बायकोलाच विचार." मग पत्र टाकून वेळ ठरवली. नाझिया गावच्या पोस्टात येऊन थांबली.

कुवेत शहरात, दस्मानला, समुद्राकडे तोंड करून गाडी उभी होती. नंबर लागला.

"नाझिया, मी यूसुफ. कफील, माझा मालक, परत सही कर म्हणतो. मी घरा येऊ का हितंच राहू? तू सांगशील तसं करीन. सांग."

एवढं बोलून तो थांबला. पण घामेजलेल्या मुठीत बटण तसंच दाबलेलं. मालकाला इतक्या वेळा बोलताना पाहिलेला माणूस, पण जन्माचा प्रश्न विचारला नि अंगठा उचलायचं विसरला. मी तरी कसा सांगणार? मला तोंड आहे ते लोकांच्या बोलण्यापुरतं. वेळ संपली, लाईन तुटली.

"गप्प राहिली," तो पुटपुटला. "माझं येणं तिला नको दिसतंय."

त्यानं सही केली. मग एका करारामागून दुसरा. सुट्टीत गावी जायचा, पण त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही नि यानंही नाही. दोघंही मोडतील पण वाकणार नाहीत, अशा जातीची.

पुढे तुमचे मोबाइल आले. मला गाडीतून उपटलं, पेटी भंगारात गेली, रिसीव्हर तेवढा शोभेला ठेवला. गरज सरो, वैद्य मरो. म्हातारा यूसुफ आता फैसलच्या याच घराची राखण करतो.

यंदा नाझिया गेली. यूसुफचा पासपोर्ट अकाम्याच्या, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या, कामात अडकलेला, त्याला मातीलाही जाता आलं नाही. लुबना इथंच दवाखान्यात नर्स आहे. आईचा चाळीसावा करून ती परतली नि थेट बापाकडे आली. तो मला पुसत होता.

"अब्बा, हाच का तो फोन?" ती म्हणाली. "अम्मीनं शेवटी सांगितलं मला. ती पोस्टात ओरडत होती, 'घरा या, आताच या.' तुम्ही ऐकलंत नि गप्प राहिलात, असं धरून बसली ती जन्मभर."

"मला काय ऐकूच आलं नाही गो."

कसा धरला होता ते दाखवायला त्यानं मला उचललं. अंगठा आपसूक बटणावर गेला.

"हे दाबलं की ऐकू येतं?" लुबनानं विचारलं.

"नाही, हे दाबलं की आपण बोलायचं..." यूसुफ म्हणाला, आणि बटणावरच्या आपल्या अंगठ्याकडे बघू लागला.

त्या दिवशी त्या वाटेवर आणखी गाड्या होत्या, मित्रांनो. नाझियाचं 'या' कुठल्या कुठल्या परक्या चालकांनी ऐकलं असेल. आमच्या गाडीत ते आलं नाही. मला काचेत जपून आता कोणाचं काय भलं व्हायचंय? जपायचंच असेल तर एवढं जपा, विचारून झालं की अंगठा उचला.